वर्तुळाची वाट : प्रदक्षिणा, मंडल आणि आदिबंध

मराठी माणसाला ‘मंडळ’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गणेशोत्सवाचे मंडळ असते, भजनी मंडळ असते, शाळेचे नियामक मंडळ असते, राज्याचे मंत्रिमंडळ असते. शिवकाळात अष्टप्रधान मंडळ होते. ऋग्वेदाचे दहा भाग मंडले म्हणून ओळखले जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बारा राजांचे राजमंडल येते, आणि त्यात शेजारचा राजा शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र अशी वर्तुळामागून वर्तुळाची रचना मांडलेली आहे. एवढ्या विविध व्यवहारांत वावरणारा हा शब्द गेल्या काही दशकांत मात्र ‘मंडला’ असा शेवटचा स्वर लांबवून परत आला. आता तो रंगवण्याच्या वह्यांवर दिसतो, योगवर्गांच्या जाहिरातींत दिसतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही दिसतो. ‘वर्तुळ हे पूर्णत्वाचे प्रतीक आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेवरील, कादंबरीवरील किंवा चित्रावरील उत्तरात सहज बसते. कुठेही बसणारे वाक्य कशाविषयीच काही सांगत नसते, अशी शंका शिक्षकाला यायला हवी.

प्रस्तुत लेखात या वाक्याची इतिहासाच्या आधारे थोडी तपासणी करायची आहे. कलेतील आणि साधनेतील वर्तुळे पाहताना एक साधा प्रश्न मनाशी ठेवू : या वर्तुळाचे माणसे नेमके काय करीत होती? ती त्याभोवती चालत होती, ते वाचत होती, त्यात शिरत होती की ते पुसून टाकत होती? आकृती एकच दिसली तरी या क्रिया वेगवेगळ्या आहेत, आणि अर्थ बहुधा या क्रियांमध्ये असतो.

सुरुवात सांचीपासून करणे सोयीचे. येथील मोठ्या स्तूपाचा विटांचा मूळ गाभा अशोकाच्या काळचा, म्हणजे इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातला. पुढच्या शतकात त्यावर दगडी आवरण चढले आणि त्याचा व्यास सुमारे ३६ मीटर झाला. चार दिशांची तोरणे त्यानंतरची, साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातली. दक्षिण तोरणावरील लेखात सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची नोंद आहे. म्हणजे सातवाहनांच्या, पर्यायाने आपल्या दख्खनच्या इतिहासाचा एक धागा या वर्तुळाला जोडलेला आहे. त्याच तोरणाच्या एका खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी काम केल्याची नोंद आहे. कठड्यांवर आणि फरसबंदीवर शेकडो दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्षू आणि भिक्षुणीही आहेत. हे वर्तुळ कोणा एका द्रष्ट्याच्या मनात उमटलेले चिन्ह नव्हते. ते वर्गणीतून उभे राहिलेले बांधकाम होते, आणि त्या अर्थाने आजच्या आपल्या ‘मंडळा’शी त्याचे नाते जवळचे आहे.

स्तूपाला आत जाण्याजोगे गर्भगृह नसते. तो भरीव असतो. त्याचा केंद्रबिंदू कोणालाही दिसत नाही, आणि त्याचा उपयोग एकच : त्याला उजव्या हाताला ठेवून चालणे. सांचीला असे दोन मार्ग आहेत, एक जमिनीवर कठड्याच्या आत आणि दुसरा वर मेधीवर. तोरणातून शिरणारा माणूस सरळ स्तूपापाशी पोहोचत नाही. कठड्याच्या रचनेमुळे त्याला वळण घ्यावे लागते, आणि त्या वळणाने तो आपोआप प्रदक्षिणेच्या दिशेला लागतो. तोरणांवरील कथाशिल्पांत बुद्ध मानवी रूपात नाही. चक्र, बोधिवृक्ष, पाऊलखुणा यांतून तो सूचित होतो. मध्यभागी जे आहे ते दाखवायचे नाही, त्याच्याभोवती पावले पडू द्यायची, हे येथील तत्त्व आहे. दर्शन घेणाऱ्याला एका जागी उभे राहून सगळा स्तूप पाहता येत नाही. जितके चालावे तितका तो दिसतो.

हीच कल्पना आपल्याकडे डोंगराच्या पोटात गेली. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यांमध्ये एक चैत्यगृह संपूर्ण वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचे कडे, आणि खांब व भिंत यांच्यामध्ये चालण्यापुरती वाट. पुढे कार्ल्याच्या भव्य चैत्यात वर्तुळ अर्धेच उरले : लांबट सभागृह आणि टोकाशी गजपृष्ठाकृती वळण. मोठ्या समूहाला एकत्र बसायचे असेल तर पूर्ण वर्तुळ गैरसोयीचे ठरते, एवढे साधे कारणही त्यामागे असू शकते. तरी स्तूपामागून फिरणारी वाट कार्ल्यानेही सोडलेली नाही. सभागृह लांबले, प्रदक्षिणा राहिली.

प्रदक्षिणेच्याच संदर्भात दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. तिबेटातील बोन परंपरेचे अनुयायी पवित्र स्थळाभोवती डावीकडून, म्हणजे बौद्धांच्या उलट दिशेने फिरतात. जमिनीवर उमटणारी आकृती तीच. पण कोण कोणत्या बाजूने चालतो यावरून तो कोणाचा हे ठरते. दुसरे उदाहरण घरचेच आहे. शिवमंदिरात आपण सोमसूत्री प्रदक्षिणा घालतो. अभिषेकाचे पाणी वाहून जाणारी पन्हळ ओलांडायची नाही, तिथपर्यंत जायचे आणि आल्या वाटेने परतायचे. हे वर्तुळ मुद्दाम अपुरे ठेवलेले आहे, आणि अपुरे ठेवण्यातच त्याची शास्त्रशुद्धता आहे. ‘वर्तुळ म्हणजे पूर्णत्व’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या आजीबरोबर महादेवाच्या देवळात ही प्रदक्षिणा अनेकदा घातलेली असते.

चालण्याच्या वर्तुळाकडून वाचण्याच्या वर्तुळाकडे वळू. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या भिंतीवर, एका मोठ्या चक्राचा भग्न अवशेष आहे. लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक हरिषेणाच्या काळचे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पाहणाऱ्यांना हे चित्र राशिचक्र वाटले, आणि हे लेणेच काही काळ ‘झोडियाक केव्ह’ या नावाने ओळखले जात होते. प्रत्यक्षात ते भवचक्र आहे : जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकलेल्या जिवांच्या गतींचे चित्र. येथील वर्तुळात शांती नाही. ते सापळ्याचे चित्र आहे, आणि ते पाहणाऱ्याला त्यातून बाहेर पडण्याची निकड वाटावी अशी अपेक्षा आहे.

या चित्राविषयी ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात मोठी उद्बोधक माहिती मिळते. विहाराच्या प्रवेशद्वारी पाच भागांचे असे चक्र काढावे, असा आदेश बुद्धाच्या तोंडी आहे. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी, असेही तेथे सांगितले आहे. साहित्याच्या अध्यापकांनी या तपशिलावर थोडे थांबावे. चित्र स्वतःहून बोलेल, वर्तुळ पाहताच मनाच्या खोल थरातून अर्थ वर येईल, असे त्या परंपरेने गृहीत धरले नव्हते. चित्राशेजारी सांगणारा माणूस लागतो, हे तिला ठाऊक होते. सांगणारा नाहीसा झाला, तेव्हा भवचक्राचे राशिचक्र व्हायला वेळ लागला नाही.

तिसरे वर्तुळ आत शिरण्याचे. तंत्रमार्गी बौद्ध परंपरेत ज्याला मंडल म्हणतात ते खरे पाहता एका प्रासादाचा वरून पाहिलेला आराखडा असतो. बाहेर अग्नी, वज्र, कमळदळे यांची वलये. त्यांच्या आत चार दरवाजे असलेला चौकोनी राजवाडा. मध्यभागी प्रमुख देवता आणि भोवती आपापल्या जागी परिवार. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, म्हणजे ‘तीन ताल’ या तीन मजली विहारात, भिंतीवर नऊ चौकटींचे शिल्पपट आहेत. मध्ये बुद्ध आणि भोवतीच्या आठ चौकटींत आठ बोधिसत्त्व. साधारण आठव्या शतकातली ही कोरीव मंडले आहेत, आणि त्यांत वर्तुळ कुठेही नाही. मंडल होण्यासाठी गोलाई अनिवार्य नव्हती; केंद्र आणि त्याच्या संबंधाने ठरलेली स्थाने, हे अनिवार्य होते.

येथे आरंभी उल्लेखिलेले राजमंडल पुन्हा आठवावे लागते. रोनाल्ड डेव्हिडसन या अभ्यासकाने भारतीय तांत्रिक बौद्ध धर्मावरील २००२च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, गुप्तोत्तर काळातील सामंतशाहीची रचना या साधनेने आपल्या कल्पनेत सामावून घेतली. मध्यभागी सार्वभौम, भोवती सामंत, आणि दीक्षाविधीचे नाव अभिषेक. राजाच्या अभिषेकाचाच शब्द. साधक मंडलात प्रवेश करतो तो राज्यावर बसणाऱ्याप्रमाणे. हे प्रतिपादन सर्वस्वी मान्य करायलाच हवे असे नाही. पण एक गोष्ट त्यातून निसटत नाही : ध्यानासाठी काढलेल्या वर्तुळात त्या काळाची सत्तेची रचना उतरलेली असू शकते. कोण केंद्रात आणि कोण दारावरचा पहारेकरी, हे त्या आकृतीत निश्चित असते. सर्वांना सारखे जवळ घेणारी आकृती म्हणून वर्तुळाचे कौतुक करताना हा भाग आपण विसरतो.

याच मंडलाचे तिबेटी परंपरेतले रूप म्हणजे रंगीत वाळूचे मंडल. धातूच्या निमुळत्या नळ्यांमधून कणाकणाने वाळू सोडत भिक्षू अनेक दिवस ते घडवतात. कालचक्र मंडलात ७२२ देवतांची स्थाने असतात. विधी संपला की ते पुसले जाते. वाळू एकत्र करून वाहत्या पाण्यात सोडली जाते. १९८८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये कालचक्राचे वाळूचे मंडल सार्वजनिक प्रदर्शनात तयार करण्यात आले. दीक्षितांपुरता असलेला विधी संग्रहालयातील प्रेक्षकांसमोर आला. निर्वासित झालेल्या एका समाजाने आपली संस्कृती जगाला दाखवून टिकवण्याचा हा मार्ग होता, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. मात्र प्रेक्षकाच्या वाट्याला आले ते मंडल पाहण्याचे होते, शिरण्याचे नव्हते. त्याने रंग पाहिले, सममिती पाहिली, आणि पुसण्याच्या क्षणी हळहळ व्यक्त केली. साधकाच्या दृष्टीने पुसणे हा विधीचाच भाग होता.

चौथे वर्तुळ चीन-जपानमधले आहे. झेन परंपरेत कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात काढलेल्या वर्तुळाला ‘एन्सो’ म्हणतात. शाई कुठे दाट, कुठे विरळ. अनेकदा दोन टोके जुळतही नाहीत. सेंगाई या जपानी भिक्षु-चित्रकाराने (१७५०–१८३७) असे वर्तुळ काढून शेजारी ते खाऊन टाकून वर चहा घ्यावा अशा आशयाचा मजकूर लिहिला. वर्तुळाला पूज्य मानू पाहणाऱ्याची इतकी प्रेमळ थट्टा क्वचितच कोणी केली असेल. याच परंपरेतील बाराव्या शतकातली ‘दहा बैल-चित्रे’ प्रसिद्ध आहेत. हरवलेल्या बैलाचा शोध, त्याचा माग, त्याला वश करणे, त्याच्यावर बसून घरी येणे असा क्रम त्यांत आहे. आठव्या चित्रात बैलही नाही आणि माणूसही नाही. केवळ रिकामे वर्तुळ आहे. पुष्कळदा हे एकच चित्र सुटे काढून छापले जाते. पण मालिका आठव्या चित्रावर संपत नाही. नवव्यात झाड आणि पाणी परत येतात, आणि दहाव्यात एक ढेरपोट्या आनंदी माणूस हात मोकळे सोडून बाजारात शिरतो. वर्तुळ हा मुक्काम होता; गाव पुढे होते.

आता प्रश्न असा की इतक्या निरनिराळ्या वर्तुळांचे एकच ‘पूर्णत्वाचे प्रतीक’ कसे झाले? याचे उत्तर बऱ्याच अंशी कार्ल गुस्ताव युंग यांच्या चरित्रात सापडते. फ्रॉइडशी १९१३ साली संबंध तुटल्यानंतर युंग तीव्र मानसिक उलथापालथीतून गेले. १९१६ साली त्यांनी आपले पहिले मंडल काढले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९च्या सुमारास, स्वित्झर्लंडमधील शातो-दे येथे ब्रिटिश युद्धबंदींच्या छावणीवर ते अधिकारी होते, आणि रोज सकाळी वहीत एक लहान वर्तुळाकृती काढत. त्या दिवसाची मनाची अवस्था त्या आकृतीत उतरते, असे त्यांना वाटू लागले. १९२८ साली रिचर्ड विल्हेल्म यांनी त्यांना एका चिनी ग्रंथाच्या अनुवादाचे हस्तलिखित पाठवले. ‘सुवर्णपुष्पाचे रहस्य’ हा तो ग्रंथ. युंग यांच्या भाष्यासह तो १९२९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या वर्तुळांशी जुळणारे काहीतरी दूरच्या चीनमध्ये आहे, हे पाहून त्यांना आपला एकाकीपणा सरल्यासारखे वाटले. या भाष्यासोबत युरोपीय मंडलांची दहा चित्रे होती. त्यांतली तीन युंग यांनी स्वतः काढलेली होती, पण तसे तेथे सांगितलेले नव्हते.

१९३८च्या सुमारास भारतभेटीत युंग सांचीला गेले. जपानी यात्रेकरूंचा एक समूह घंटानाद करीत स्तूपाला प्रदक्षिणा घालताना त्यांनी पाहिला, आणि ते अंतर्बाह्य हेलावले. त्याच प्रवासात दार्जिलिंगजवळच्या भुतिया बस्ती येथील मठात लिंगदम गोमचेन या लामांशी त्यांची मंडलाविषयी चर्चा झाली. लामांनी सांगितले की मंडल ही मनात उभी करण्याची प्रतिमा आहे, आणि ती पूर्ण दीक्षित लामालाच कल्पनेने उभी करता येते. एक मंडल दुसऱ्यासारखे नसते. मठांत टांगलेल्या चित्रांना विशेष महत्त्व नाही, ती केवळ बाह्य रूपे आहेत.

हे उत्तर युंग यांनी आपल्या सिद्धान्ताला पुष्टी देणारे म्हणून नोंदवले. खरे मंडल आतून येते, हे त्यांना त्यात ऐकू आले. उत्तराचा दुसरा भागही तितकाच स्पष्ट होता : ते आपोआप येत नाही, शिकवावे लागते. झुरिचमधील रुग्णाच्या स्वप्नात उमटणारे वर्तुळ आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने लामाने मनात बांधलेला प्रासाद यांत साम्य आहे ते आकाराचे. एकात अर्थ नकळत वर येतो, दुसऱ्यात तो परंपरेने हातात दिलेला असतो. युंग यांच्या ‘आदिबंध’ संकल्पनेने हा फरक पुसट केला. मॉड बॉडकिन (१९३४), नॉर्थ्रॉप फ्राय (१९५७) यांच्यामार्फत आदिबंधात्मक समीक्षा इंग्रजी विभागांत आणि तेथून मराठी विभागांत आली. जुझेप्पे तुच्ची यांच्यासारख्या तिबेटविद्येच्या श्रेष्ठ अभ्यासकानेही मंडलावरील आपल्या १९४९च्या ग्रंथात अबोध मनाच्या मानसशास्त्राचा आधार घेतला. अशा रीतीने आपलेच मंडल पश्चिमेला जाऊन ‘मंडला’ होऊन परत आले, आणि आपण ते ओळख पटल्यासारखे स्वीकारले.

युंग यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परस्परांपासून दूर असलेल्या माणसांना संकटाच्या काळी वर्तुळ काढावेसे का वाटते, हा त्यांचा प्रश्न खराच आहे. पण साम्य दाखवून झाले की समीक्षेचे काम संपत नाही. तेथून ते सुरू होते.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचे ‘बिंदू’ या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. नागपूर आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक असलेला हा चित्रकार १९५० साली फ्रान्सला गेला आणि तेथेच सहा दशके राहिला. १९८०च्या आसपास काळे वर्तुळ त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आले. मध्य प्रदेशातील शाळेत चंचल मुलाचे मन स्थिर व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यावर लक्ष ठेवायला सांगितले, ही आठवण रझा सांगत. म्हणजे या बिंदूमागे तंत्रग्रंथांइतकाच एक शाळामास्तर आहे, आणि परदेशात राहून मायदेशाचे केंद्र शोधणाऱ्या माणसाची ओढही आहे. नुसते ‘वैश्विक प्रतीक’ म्हटले की हा मास्तरही जातो आणि ती ओढही जाते.

शेवटी आपल्या वारीतील गोल रिंगण. मध्यभागी पालखी, तिच्याभोवती दिंड्या, पताका, टाळमृदंग. त्यांच्या बाहेर मोकळी ठेवलेली धाव, आणि धावेच्या पलीकडे जनसमुदाय. पताकावाले धावतात, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया धावतात, विणेकरी धावतात, आणि मग स्वारासह एक आणि स्वाराविना एक असे दोन अश्व दौडतात. स्वार नसलेला अश्व माउलींचा मानला जातो. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. थोड्या वेळाने मैदान रिकामे होते आणि पालखी पंढरीच्या वाटेला लागते. वर्तुळ तेथे राहत नाही, कारण त्याचे केंद्रच चालते आहे.

सांचीचा दाता, अजिंठ्याचा सांगणारा भिक्षू, मंडल पुसणारा लामा, बाजारात शिरणारा झेन वृद्ध आणि माती कपाळी लावणारा वारकरी, या सर्वांना एका वाक्यात कोंबता येईल; पण त्या वाक्यात त्यांच्यापैकी कोणीही उरणार नाही. विद्यार्थ्याने पुढच्या वेळी कवितेत वर्तुळ दिसले असे सांगितले, तर त्याला एवढेच विचारावे : त्यात कोण चालते आहे, कोणत्या दिशेने, आणि मध्ये कोणाला जागा आहे? उत्तर शोधण्यासाठी त्याला कवितेकडे परत जावे लागेल. तेवढी प्रदक्षिणा त्याच्याकडून घडली, तरी अध्यापनाचे बरेचसे काम झाले.